धाकटीची भरपगारी रजा

आयुष्यात मी कधी कशाचा मालक झालो नव्हतो. घर भाड्याचं, गाडी ऑफिसची, आणि डोक्यावरचे केससुद्धा बरेचसे परत गेलेले. त्यामुळे परक्या देशातल्या सरकारने पत्र पाठवून मला ‘मालक महोदय’ म्हटलं, तेव्हा आनंद व्हायला हरकत नव्हती. पण पत्र वाचता वाचता तो आनंद ओसरला, आणि पुढे कित्येक महिने परत आला नाही.

झालं होतं एवढंच, की आई न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दिवसभर तिच्याजवळ कोणीतरी असणं भाग पडलं. बायको औषधांच्या कारखान्यात तपासनीस. तिथून मधेच उठून येता येत नाही. मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फोनवर बसतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना परक्या भाषेत, न अडखळता, ‘घाबरू नका, आमचा माणूस निघालाय’ असं सांगणं हे माझं काम. ते मी चांगलं करतो. मी स्वतः जिन्याने जातो, पण ते कंपनीला माहीत नाही.

तेव्हा आम्ही एक बाई ठेवली. तीही आमच्यासारखीच बाहेरून आलेली, पण तिसऱ्याच देशातली. तिचं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी आईने तिला ‘धाकटी’ म्हणायला सुरुवात केली. मग थोरली कोण, असं मी विचारलं, तर आईने बायकोकडे हनुवटी उडवली. धाकटी आईशी इथल्या भाषेत बोले, आई तिच्याशी मराठीत बोले, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. मी मधे पडून भाषांतर केलं की मात्र हमखास गैरसमज होई.

आपल्याकडे बाई ठेवायची म्हणजे दारात उभ्या उभ्या बोलणं होतं. काय काय करशील, किती घेशील, उद्यापासून ये. संपलं. पुढे सगळं माणुसकीवर चालतं, म्हणजे ज्याच्या अंगात जितकी असेल तितकीच चालते. इथे तसं नाही. इथे मालकाने आधी स्वतःची नोंद करायची, मग कामगाराची, मग तिचा विमा, आजारपणाचा पगार, विश्रांतीची वेळ, भरपगारी रजा. आमच्या वरच्या मजल्यावर एक विम्याचे एजंट राहतात. भाषा आपलीच, आणि इथे आमच्या किती तरी आधी आलेले, त्यामुळे या देशात जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं त्यांच्या ओळखीच्या कोणाच्या तरी बाबतीत होऊन गेलेलं आहे. त्यांना आम्ही विमेवाले म्हणतो. विमेवाले पत्र दोनदा वाचून म्हणाले, “तुमचा राहण्याचा परवाना नवा व्हायला गेलाय ना? मग जपा. कामगार कायदा मोडल्याचा दंड एकदा नावावर चढला, की परवाना अडलाच म्हणून समजा.”

एवढं बोलून ते चहा पिऊन वर निघून गेले. मी मात्र ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आईचं तिकडचं घर विकूनच आम्ही तिला इकडे आणलं होतं. इथून काढलं तर जायला जागाच उरली नव्हती, आणि पाय धड न टेकता येणारी आई शेजारच्या खोलीत धाकटीला माझ्या मुंजीत कोण कोण रुसलं होतं ते सांगत होती. खरं सांगतो, मला भीती वाटली. मला तशी बऱ्याच गोष्टींची वाटते, पण ही खरी होती.

त्या दिवसापासून मी घरात कायदा पाळायला लागलो. पहिला बळी विश्रांतीचा. धाकटीला दुपारी अर्धा तास विश्रांती द्यायची, त्या वेळात तिला कोणतंही काम सांगायचं नाही, असा नियम. धाकटी त्या वेळात आईच्या पलंगाशेजारी बसे आणि आई बोलत राही. मला वाटलं यात काय वाईट आहे. विमेवाल्यांनी नाही अशी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकणं हेच तिचं काम, तेव्हा विश्रांतीत ती ऐकते आहे म्हणजे काम करते आहे. मी आईला सांगून पाहिलं, की दुपारी अर्धा तास गप्प बस. आईने विचारलं, सरकारने सांगितलं आहे का? मी म्हटलं, होय. आई म्हणाली, मग सरकारला इकडे बोलव, मी त्याच्याशी बोलते. शेवटी मी ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत घरी येऊन आईसमोर बसू लागलो, म्हणजे आईचं बोलणं अधिकृतरीत्या माझ्याकडे वळेल. माझी स्वतःची विश्रांती त्यात गेली, पण त्याबद्दल कोणत्याही देशात नियम नाही.

मग स्वेटर झाला. बायकोने आपला एक जवळजवळ नवा स्वेटर धाकटीला दिला. विमेवाले म्हणाले, हा पगाराबाहेरचा लाभ झाला, तो कळवावा लागतो, नाही कळवला तर लपवल्यासारखं होतं. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी धाकटीकडे स्वेटर परत मागितला. दिलेली वस्तू परत मागताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला तेव्हा दारातल्या आरशात दिसलं. धाकटीने माझ्याकडे बघत तो काढून, घडी घालून माझ्या हातात दिला. संध्याकाळी बायकोने तो तिला पुन्हा दिला आणि मला म्हणाली, “तुमच्या कायद्याला माझ्या कपाटात येऊ देऊ नका.” हे ती चारचौघांत म्हणाली नाही, पण आई ऐकत होती, आणि आईच्या कानावर गेलेली गोष्ट चारचौघांतच गेल्यासारखी असते.

पण हे सगळं किरकोळ. खरी आग लागली ती रजेवरून.

वर्षाची रजा कामगाराने वर्ष संपायच्या आत घ्यायलाच हवी. रजेऐवजी पैसे देता येत नाहीत, आणि रजा घेऊ दिली नाही तर दंड मालकाला. वर्ष संपत आलं होतं. मी धाकटीला म्हटलं, रजा घे. ती म्हणाली, नको. मी समजावलं, भरपगारी आहे. ती म्हणाली, माहीत आहे, पण नको. हळूहळू कळलं ते असं, की तिच्या देशाचं विमानभाडं तिला परवडणारं नव्हतं, आणि इथे ती ज्या खोलीत राहते तिथल्या बाकीच्या बायका रात्रपाळी करून दिवसा झोपतात. दिवसा खोलीत हालचाल करायची नाही, भांडं वाजवायचं नाही. मग रजेत करायचं काय, बागेतल्या बाकावर थंडीत बसायचं? माझ्याकडे उपाय नव्हता. माझ्याकडे फक्त दंड होता.

हे सगळं आई पलंगावरून ऐकत होती. ती म्हणाली, “जाईल कुठे म्हणजे? इथे येईल. माहेरपणाला.”

मी म्हटलं, अगं आई, ती इथेच कामाला येते. रजेत कामाच्या जागी कसं राहायचं? आई म्हणाली, “काम तू कर. तू रजा घे. ती राहील, जेवील, झोपेल, आणि पिशवी भरून परत जाईल. इतकी वर्षं मला लेक नाही म्हणून कुणाचं माहेरपण करायला मिळालं नाही.” बायकोला हे इतकं पटलं, की तिने त्याच दिवशी पाहुण्यांची उशी उन्हात टाकली. आमच्या घरात बहुमत नेहमी माझ्या विरुद्धच असतं, पण एवढ्या झटपट क्वचित होतं.

धाकटी आली. पिशवी घेऊन, केस नीट विंचरून, पाहुणी म्हणून. पहिल्या दिवशी ती खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि आई तिला सारखी मागे सरकून बस म्हणत होती. मी ऑफिसातून रजा घेतली होती. स्वयंपाक मी, भांडी मी, फरशी मी, आईला उठवणं-बसवणं मी. आईला उठवण्याचं एक तंत्र आहे. आपला गुडघा तिच्या गुडघ्याला टेकवायचा, काखेत हात घालायचा, आणि एक, दोन म्हणून तीनला उचलायचं. मी ‘एक’लाच उचलत होतो आणि आई ‘दोन’ला ओरडत होती. ती ओरडली की धाकटी ताडकन उठे, आणि मी एका हाताने आईला धरून दुसऱ्या हाताने धाकटीला थांबवत म्हणे, बस, बस, तू रजेवर आहेस. पडदे मी ओढूनच घेतले होते. समोरच्या इमारतीतून कोणी धाकटीला कप उचलताना पाहिलं तर? धाकटीला सवयीने कप उचलायची खोडच होती. तिच्या हातातून कप काढून घेताना मी दोन फोडले.

या ताणाने मी मोडलो आणि आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा केला. विमेवाले म्हणाले होते, की कामगार कार्यालयाला फोन करून नियम विचारून घ्या, पण नाव सांगू नका. मित्रासाठी विचारतोय म्हणा. मी फोन केला. पलीकडची बाई फार गोड बोलली. मी म्हटलं, माझ्या एका मित्राकडे काम करणारी बाई रजेच्या काळात मित्राच्याच घरी पाहुणी म्हणून राहिली आहे, तर चालतं का? ती म्हणाली, प्रश्न चांगला आहे, आम्ही तुमच्या मित्राला माहितीपुस्तिका पाठवतो, त्यांचा पत्ता द्या. आणि मी, जो लोकांना लिफ्टमधून सुखरूप बाहेर काढतो, मी तिला मजल्यासकट, बेल नीट वाजत नाही जोरात दाबा या सूचनेसकट, माझा पत्ता दिला. फोन ठेवल्यावर मला कळलं. मी तिथेच स्टुलावर बसलो. बायकोला सांगायचं धाडस झालं नाही. पुस्तिकाच तर येणार आहे, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं.

पुस्तिका आली. ती घेऊन निरीक्षकबाई आल्या. बेल जोरात दाबली.

सकाळची वेळ. माझ्या गळ्यात फुलाफुलांचा एप्रन, हातात ओला पोछा. आतल्या खोलीत आई खुर्चीत बसून, पुढ्यात चटईवर बसलेल्या धाकटीच्या डोक्याला तेल लावत होती. निरीक्षकबाई पन्नाशीच्या, बारीक, आवाज अगदी हळू. त्यांनी बूट पुसले, आत नजर टाकली, आणि मला अतिशय मायेने विचारलं, तुम्ही इथे किती दिवस काम करताय? मी म्हटलं, नेहमीच. त्यांनी विचारलं, विश्रांती मिळते का? मी म्हटलं, नाही. मग माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, मी मालक आहे. त्यांनी एप्रनकडे पाहिलं. तेवढ्यात आतून आईने मला हाक मारून विचारलं, की दुधावर लक्ष आहे का तुझं, की तेही मीच बघू. भाषा कळली नाही तरी सूर कोणत्याही देशात कळतो. निरीक्षकबाईंनी माझ्या हातात हळूच एक पत्रक ठेवलं. नंतर पाहिलं तर ते घरात राबवून घेतल्या जाणाऱ्या नोकरांच्या मदतीसाठीचं होतं.

मी न्हाणीघरात जाऊन बायकोला फोन केला. ती त्या कारखान्यातून कधी न मिळणारी परवानगी मिळवून आली, कोट न काढताच आत येऊन उभी राहिली, आणि तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. तेवढ्यात सगळं समजलं तिला. माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तरीही, अजून वाईट काही झालेलं नव्हतं. धाकटी पाहुणी होती, सगळं काम मी करतो आहे हे निरीक्षकबाईंना दिसलंच होतं. त्यांचे प्रश्न संपत आले होते. आणि नेमकं तेव्हाच आईला उठायचं झालं. मी पुढे झालो. गुडघा टेकवला, हात घातला. निरीक्षकबाई बघताहेत म्हणून मी घाई केली, एप्रनचा बंद खुर्चीच्या हाताला अडकला होता तो मला दिसला नाही, आणि मी ‘एक’लाच उचललं. खुर्ची कलली. आई माझ्या हातातून निसटली.

धाकटी चटईवरून कधी उठली ते मला आठवत नाही. तिने आईला कमरेत धरलं, आपल्या अंगावर तोललं, आणि सावकाश पुन्हा खुर्चीत बसवलं. आईच्या तोंडून आवाजही निघाला नाही. धाकटीच्या केसांतून तेल ओघळत होतं. मोडलेलं हाड पुन्हा मोडलं असतं, हा माझा पहिला विचार. त्यामागोमाग दुसरा विचार आला, की जे व्हायला नको होतं ते झालं. रजेवरच्या कामगाराने मालकाच्या घरात, निरीक्षकासमोर, काम केलं.

निरीक्षकबाईंनी आधी आईला लागलं का ते विचारलं. मग पेन उघडलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मला एकच लिहायचं आहे. यांनी आत्ता आजींना उचललं ते कामगार म्हणून, की घरच्या म्हणून? कामगार असतील तर रजेत काम झालं, तशी नोंद करावी लागेल. घरच्या असतील तर प्रश्नच नाही. पण मग करारही राहत नाही. घरच्या माणसाला विमा, रजा, यातलं काही लागू नाही.”

माझ्या डोक्यात विमेवाल्यांचा आवाज वाजायला लागला. अंगाशी आलं तर सरळ घरची म्हणून मोकळं व्हा, असं ते म्हणालेच होते. आणि खोटंही कुठे होतं? आम्ही रोज तेच तर म्हणत होतो, की ही आता घरचीच. एक शब्द, आणि परवाना वाचला, घर वाचलं, आई वाचली. धाकटीचं काय, तिचं नंतर बघता आलं असतं. मी तोंड उघडलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. ती काही मागत नव्हती, नुसती बघत होती, स्वेटर परत दिला तेव्हा बघत होती तशीच.

“काय विचारते ती?” आईने मला विचारलं.

मी सांगितलं. घाबरलेल्या माणसाला लपवाछपवी जमत नाही, त्यामुळे सगळंच सांगितलं, परवान्यासकट.

आई जराशी टेकून बसली. म्हणाली, “कामाची बाई, असं लिहायला सांग. घरची लिहिलीस तर तिची रजा गेली. घरच्या बाईला रजा कोणी दिलीय आजवर? मला विचार. तुझे वडील जायच्या दिवशीसुद्धा आलेल्यांना जेवायला मी वाढलं. त्या थोरलीला विचार, दिवसभर तिकडे उभी राहते आणि आल्यावर इकडे. धाकटीचं तरी सुटू दे.”

मी निरीक्षकबाईंकडे वळलो आणि म्हटलं, “आई म्हणते, कामगार.”

“त्या बरंच बोलल्या,” निरीक्षकबाई म्हणाल्या. “मला सगळं ऐकायला आवडेल.”

मग मला सगळं सांगावं लागलं. फोनवर मी दिवसभर अनोळखी लोकांशी इथली भाषा बोलतो, माझा कधी शब्द अडत नाही. त्या दिवशी अडला. वडिलांच्या त्या दिवशी मीही जेवायला बसलो होतो, आणि वाढतंय कोण याच्याकडे मी पाहिलं नव्हतं. ते मी सांगितलं नाही. आईचं तेवढं सांगितलं. बायकोलाही ते दुसऱ्या भाषेत ऐकावं लागलं, माझ्याच तोंडून. ती खिडकीकडे तोंड करून उभी होती.

निरीक्षकबाई बराच वेळ लिहीत होत्या. मध्ये एकदा थांबून त्यांनी आईकडे पाहिलं, मग पुन्हा लिहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, की ही पहिली वेळ आहे आणि प्रसंग अपघाताचा, तेव्हा दंड नाही, लेखी ताकीद. ताकीद परवान्याच्या आड येत नाही. आजचा दिवस रजेत धरायचा नाही, तो धाकटीला वेगळा द्यायचा. आणि इथून पुढे रजेत तिने राहायचं असेल तर आईला उचलायला दुसरं कोणीतरी ठेवा, असं म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या. जाताना त्यांनी धाकटीशी हात मिळवला, आईशी मिळवला, बायकोशी मिळवला. माझे हात ओले होते.

दार लागल्यावर मी गळ्यातला एप्रन काढला. मला हसायचं होतं, वर जाऊन विमेवाल्यांना गाठायचं होतं, आपण वाचलो असं मोठ्याने म्हणायचं होतं. पण बायको कोट घालूनच खुर्चीवर बसली होती आणि डोळे पुसत होती.

“अरे, तिला चहा दे,” आई म्हणाली.

मी लगबगीने चहा टाकला, कप भरला आणि चटईवर धाकटीपुढे नेऊन धरला.

“तिला नाही रे,” आई म्हणाली. “हिला.”

मी कप घेऊन वळलो. मला येताना पाहून बायको सवयीने उठली, मी काहीतरी सांडणार म्हणून पुढे आली.

“बस गं,” आई म्हणाली.

ती बसली.